भिंत गुडघ्याएवढी, तरी दारातून

माझ्या तोंडातून वाक्य काढायचं तर पक्कड लागते, असं बायको पाहुण्यांसमोर सांगते. मी हसतो, म्हणजे तेही वाक्य वाचतं. पण एका विषयावर मी न विचारता बोलायचो. इथे कतारमध्ये, अल वक्रात, आमच्या बाजूची पुष्कळ माणसं राहतात, रत्नागिरीची, रायगडची. त्यांच्यात बसलो की मी सांगायचो, आमच्या गावच्या सड्यावर, उघड्या कातळावर, एक माणूस कोरलेला आहे.

दोन बोटं रुंद चर मारून काढलेली बाह्यरेषा. दोन्ही पाय एकाच बाजूला वळलेले, हात अंगापासून जरा सुटे, चेहऱ्याला ना डोळे ना नाक. कोणी कोरला, कधी, कोणाला ठाऊक नाही. आम्ही पोरं त्याला निजलेला म्हणायचो. मे महिना संपत आला, शाळा उघडायची वेळ झाली की वाडीतली सगळी पोरं सड्यावर जायची आणि एकेक करून त्याच्यात झोपायची. डोकं त्याच्या डोक्यात ठेवायचं आणि टाच कुठे पोचली ते दुसऱ्याने बघायचं. बाकीच्यांच्या घरी दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतील. आमच्याकडे हा होता. शाळा सोडली त्या वर्षी मी त्याच्या पोटरीपर्यंत पोचलो. त्याच्याएवढा वाडीत कोणीच झाला नाही, आणि त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. आमचा माणूस सगळ्यांपेक्षा मोठा आहे, याचा उलट तोरा होता.

मुलगी कतारमध्येच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. झोपताना तिला गोष्ट लागायची आणि मला एकच यायची, निजलेल्याची. ती पलंगावर हातपाय ताणून विचारायची, "अब्बा, मी कुठपर्यंत पोचले?" मी तिच्या टाचेशी हात ठेवून सांगायचो, कमरेपर्यंत. पुढच्या वर्षी, मांडीपर्यंत.

तिला प्रत्यक्ष कधी दाखवला नाही. इथल्या शाळांना सुटी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गावी भर पाऊस. सडा शेवाळाने निसरडा, कमरेएवढं गवत, त्यात साप. हे कारण इतकं खरं होतं की कोणी शंका घेतली नाही.

मात्र कारण ते नव्हतं. निजलेला तिथे नव्हताच.

मुलगी वर्षाची असताना मी गावी घर बांधायला घेतलं. आखातात गेलेल्या माणसाचं घर चिऱ्याचं असावं लागतं, आणि चिरा आपल्याच सड्याचा असला तर मान वेगळा. मी तेव्हा मेसईदला, खताच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये होतो. जेवणाच्या सुटीत धाकट्या भावाचा फोन आला. खाणवाला म्हणतो, इकडचा दगड पोकळ निघतोय, घट्ट चिरा हवा तर निजलेल्याच्या अंगाचा कातळ कापावा लागेल. एवढं सांगून भाऊ थांबला. मग म्हणाला, "तू सांगशील तसं."

माझ्यापुढे डबा उघडा होता. मी म्हटलं, "कापू दे. घर आधी." आणि जेवलो. हे मला नीट आठवतं, मी जेवलो.

घर चांगलं झालं. गावात लोक थांबून बघत. कंपाउंडच्या गडग्यात, गेटच्या उजव्या हाताला, एका चिऱ्यावर दोन बोटं रुंद चर आहे. गवंड्याला कळलं की नाही माहीत नाही. मी इतकी वर्षं गेटमधून आत जाताना डावीकडे बघत जातो.

पुढे जाणकार लोक कोकणातले सडे पालथे घालू लागले, गावोगावची कातळशिल्पं वर्तमानपत्रांत आली. मी ते सगळं कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचलं. अल वक्रातले रत्नागिरीकर एकमेकांना फोटो पाठवू लागले. मला विचारायचे, तुमच्याकडे आहे ना रे तो? मी म्हणायचो, आहे की. अख्खा माणूस आहे.

मुलगी आता आर्किटेक्चर शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला, कातळावरची कोरीव कामं, एक इथलं आणि एक बापाच्या गावचं. आधी इथलं बघायचं, मग जानेवारीत, कोरड्या दिवसांत, माझ्याबरोबर गावी जाऊन निजलेल्याचं मोजमाप घ्यायचं. तिकिटं तिनेच काढली. मी काही बोललो नाही. घरात कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

इथलं दाखवणार होते मुदीर. मुदीर म्हणजे साहेब. हे आमच्या स्टोअर्सचे जुने साहेब, कतारी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आम्ही मुदीरच म्हणतो. त्यांच्या वयाच्या बऱ्याच कतारी माणसांना हिंदी येतं, बाजारात आणि बंदरावर शिकलेलं. ते मी इथे मराठीत लिहितोय, त्यामुळे गंमत थोडी सांडणारच. उत्तरेकडे किनाऱ्यावर त्यांचं गाव आहे, ओस पडलेलं, आणि जवळच्या कातळावर जुनी कोरीव चित्रं. निवृत्तीनंतर जो विचारेल त्याला ते तिथे घेऊन जातात. न विचारणाऱ्यालाही. मला कितीदा म्हणाले आणि मी कितीदा टाळलं. या वेळी मुलीने परस्पर फोन केला.

थंडीतला शुक्रवार होता. नमाज आणि जेवण उरकून निघालो. बायकोने घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी बांधून दिली. मुदीर गाडी चालवता चालवता घावणे खात होते आणि आरशातून मुलीशी बोलत होते.

"या बिन्ती, अगं पोरी, तुझा बाप घरी बोलतो का?"

"समटाइम्स," ती म्हणाली.

"स्टोअर्समध्ये एकदा बोलला होता. मी सगळ्यांना बोलावून आणलं ऐकायला."

गाडी डांबरी रस्ता सोडून खडीवर आली. पुढे चुनखडीच्या दोन बुटक्या उंचवट्यांमधून वाऱ्याने खोदलेली घळ होती, तिथून पायी. भिंती डोक्याच्या जरा वर, खालून पोखरलेल्या, हात लावला की पीठ हाताला येई. मुदीर पुढे, मुलगी मध्ये, मी मागे. घळीतून वर चढलो तर समोर मोकळा कातळ. आमचा सडा काळा-तांबडा असतो. हा पिवळट, उन्हात डोळ्यांवर येणारा. पण चाल तीच. खाली माती नाही, वर झाड नाही, आणि लांबवर समुद्राची रेघ. माझ्या पायांना ती जागा ओळखीची वाटली, हे मला आवडलं नाही.

"थांबा," मुदीर म्हणाले. "ऊन अजून कललं नाही. भर दुपारी ती चित्रं दिसत नाहीत, झोपलेली असतात."

आम्ही कडेला बसलो. त्यांनी थर्मासमधून गहवा ओतला, वेलचीची ती फिकी अरबी कॉफी, आणि खजूर काढले. हळूहळू उन्हाची तिरीप आडवी झाली आणि कातळावर सावल्या भरल्या. आधी खळगे दिसले, वाटीएवढे, ओळीने मांडलेले. मग होड्या. वरून पाहिल्यासारख्या होड्या, पोट फुगलेलं, दोन्ही टोकं निमुळती, दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या रेघा. मुलगी उठून उभी राहिली. मुदीर काही सांगेनात. नुसते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, वाढलेल्या ताटाकडे पाहुणा कसा बघतो ते यजमान बघतो तसे.

"किती जुन्या आहेत?" तिने विचारलं.

"कोणाला विचारतेस? जाणकारांना विचारलंस तर ते दर वेळी वेगळं सांगतात. माझी आजी एकच सांगायची."

"काय?"

"मोती काढायला गेलेल्यांच्या घरच्यांनी कोरल्या. होडी इथे बांधून ठेवली की समुद्रातली परत येते."

"आणि परत यायची?"

"आजोबा आले. म्हणून तर मी घावणे खातोय."

मुलगी हसली. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज, तिने ते सांगून टाकलं. माझ्या अब्बांच्या गावी असंच आहे. होडी नाही, माणूस आहे. पूर्ण माणूस, जिवंत माणसापेक्षा मोठा. आमची पोरं त्याच्यात झोपून उंची मोजतात. तिने 'आमची पोरं' म्हटलं. त्या वाडीत ती उभ्या जन्मात सुटीपुरती राहिलेली. माझी छाती फुगली.

मुदीर माझ्याकडे वळले. "माणूस? आणि इतकी वर्षं माझ्यासमोर बसून तू बोलला नाहीस?"

"तुम्ही बेअरिंग किती शिल्लक ते विचारायचात."

"बघ, बोलला," ते मुलीला म्हणाले. "यल्ला, आता माझं घर बघायला चला."

गाव घळीच्या पलीकडे, अगदी पाण्याजवळ; परत गाडीपाशी येऊन वळशाने तिथे गेलो. किनाऱ्यावरचा दगड आणि माती यांच्या भिंती, बहुतेक पडलेल्या, काही कमरेएवढ्या, काही गुडघ्याएवढ्या. मधून वारा. मुदीर एका घराशी थांबले. भिंत गुडघ्याच्याही खाली होती, मी एक टांग टाकून आत गेलो.

"उलटा जा," मुदीर म्हणाले.

मला वाटलं थट्टा. पण ते हसत नव्हते.

"भिंतीवरून चोर येतो, नाहीतर बकरी येते. तू कोण?"

"गोट, अब्बा," मुलगी म्हणाली.

मी बाहेर आलो. ते आम्हाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला घेऊन गेले. तिथे दोन उभे दगड होते आणि मध्ये झिजलेला उंबरा. दार नव्हतं, छप्पर नव्हतं, आतलं सगळं बाहेरून दिसत होतं. मुदीर उंबऱ्याबाहेर उभे राहिले, अंगरखा सारखा केला, मोठ्याने सलाम घातला आणि थांबले. पुष्कळ थांबले. मी कूस बदलल्यासारखा या पायावरून त्या पायावर होत होतो.

"आत बायका असायच्या," ते म्हणाले. "डोक्यावरून घ्यायला वेळ नको?"

मग उजवा पाय आत. त्यांच्यामागे मुलगी, तिनेही सलाम घातला. मीही घातला.

आत त्यांनी खोल्या दाखवल्या. ही मजलिस, पुरुष इथे बसायचे. हा आजीचा कोपरा. इथे पाण्याचे रांजण. "आणि मी इथे जन्मलो, या दोन दगडांमध्ये. त्यावर पाय देऊ नका, अजून ओलं असेल." भिंतीत तुळईचं एक कुजकं टोक अडकलेलं होतं. त्यावर हात ठेवून म्हणाले, "हे तुमच्या मुलखातलं. आजोबा मोती घेऊन मुंबईला जायचे आणि लाकूड, तांदूळ घेऊन यायचे."

अल गराफात मुदीरांचा मोठा बंगला आहे. ईदला आम्ही जातो. कधी म्हणाले नाहीत, हे झुंबर बघ, ही फरशी बघ. आणि इथे गुडघाभर भिंतींत हा माणूस ताठ उभा राहून आम्हाला खोली न् खोली दाखवत होता. मी गावी तेच करतो. येईल त्याला फरशी दाखवतो, ग्रिल दाखवतो, चिरा कसा घट्ट आहे ते टिचकी मारून ऐकवतो.

पुढे वाळू होती, ओहोटीने उघडी पडलेली, ओली, घट्ट. मुदीर खाली बसले. "माझं झालं. आता तुझा माणूस दाखव. इथे काढ."

मुलीने लाकडाचा एक वाहून आलेला तुकडा माझ्या हातात दिला. मी नाही म्हणू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर मला काढायचा होता. मी डोक्यापासून सुरुवात केली. मान जवळजवळ नाहीच. खांदे रुंद. उजवा हात अंगापासून एवढा सुटा, डावा त्याहून जास्त. कंबर बारीक. दोन्ही पाय उजवीकडे. एकदाही थांबलो नाही, एकदाही पुसलं नाही. इतक्या वर्षांत मी तो कधी काढला नव्हता, पण माझ्या पाठीला, टाचांना तो पाठ होता. पुरा झाल्यावर मागे सरकून पाहिलं. तोच होता. मुदीर उभे राहिले. माझ्या हातून झालेल्या कुठल्याच गोष्टीचा मला इतका अभिमान वाटला नव्हता, घराचाही नाही.

मुलगी आत जाऊन झोपली. डोकं डोक्यात. "कुठपर्यंत, अब्बा?"

"पोटरीपर्यंत," मी म्हटलं. "माझ्याएवढीच."

मुदीर आकृतीभोवती फिरत होते, रेघेवर पाय न देता. "जानेवारीत मी पण येतो. इन्शाल्ला. पण आधी सांग, याच्याकडे जायचं तर दार कुठून? तुमच्यात काय रीत आहे?"

मी उत्तर शोधलं. पोरं कुठल्या बाजूने जायची ते आठवलं, काजूच्या झाडाखालून. ते झाड आठवलं. आणि मग म्हणालो, "तो तिथे नाही."

"कुठे गेला?" मुलीने विचारलं.

"कापला. मशीनने. चिरे काढले. मीच सांगितलं कापायला."

मी मराठीत बोललो होतो. मुदीरांना शब्द कळले नसतील, पण ते खाली बसले. मुलगी अजून आकृतीतच होती. पडल्या पडल्या तिने विचारलं, "कधी?"

"तू वर्षाची होतीस."

ती उठली. अंगाची वाळूही झाडली नाही. सुट्यांत आजीकडून उचललेलं मराठी ती क्वचित वापरते, तेव्हा वापरलं. "म्हणजे रोज रात्री सांगायचात, तेव्हा तो नव्हता?"

"नव्हता."

"एकदाही?"

"एकदाही."

ती पाण्याच्या कडेने चालत दूर गेली. मी मुदीरांना हिंदीत सगळं सांगितलं, फोन, डबा, गडग्यातला दगड. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "हो कोणी म्हटलं? भावाने की तू?" मी म्हटलं, मी. त्यांनी थर्मास उघडला.

"तुला बरं वाटेल असं माझ्याजवळ काही नाही," ते म्हणाले. "गहवा आहे."

मी प्यायलो. मुलगी परत आली ती थेट गाडीकडे गेली. मला वाटलं, आता बसून राहील. पण ती बॅग घेऊन आली. तिने टेप काढला, वही काढली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोपा."

"मी?"

"तुम्हालाच माहीत आहे तो. झोपा आणि चुकलंय कुठे ते सांगा."

मी वाळूत झोपलो. डोकं त्याच्या डोक्यात. पाठीखाली गार वाळू, वर उतरत्या उन्हाचं आभाळ. ती इंग्रजीत एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेलो. डोकं ठीक. डावा खांदा जरा खाली. कोपर अजून बाहेर, बाहेर, हां. टाच इथे नाही, चार बोटं पुढे. चर किती रुंद? दोन बोटं. कोणाची बोटं? मी हात वर केला आणि तिने माझी बोटं मोजली. टेपचं दुसरं टोक मुदीर धरत होते. मी आयुष्यात इतकं बोललो नसेन.

सूर्य बुडाला तेव्हा आम्ही नमाजला उभे राहिलो. निघताना मुदीरांनी गाडी आकृतीपासून लांबून, मोठा वळसा घालून काढली. गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग मागून प्रश्न आला.

"कापलेले दगड कुठे आहेत?"

"आपल्या घरात."

"सगळे?"

"दुसऱ्या कोणाला दिले नाहीत."

"मग सापडतील," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. मी विचारतही नाही.

जानेवारीत आम्ही दोघं गावी गेलो. मुदीर आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले, पण रोज फोन. घर आतून-बाहेरून गिलावा केलेलं. उघडा दगड फक्त गडग्याला. मी मुलीला गेटपाशी नेलं आणि पहिल्यांदा उजवीकडे बघितलं. तिने चरावर बोट ठेवलं. मग वही उघडून गडगा चिरा न् चिरा तपासला. आणखी तुकडे निघाले. एक आडवा लावलेला, एक उलटा. उलट्यावर रेघ वळलेली होती. तिने वहीतल्या आकृतीशी ताडून पाहिलं आणि खडूने त्यावर लिहिलं: डावं कोपर. बाकीचा तो गिलाव्याच्या आत आहे. तेही तिने नकाशात लिहिलं, घराच्या भिंतींवर प्रश्नचिन्हं घालून.

भाऊ कमरेवर हात ठेवून बघत होता. "मला वाटलं, तू इसरलास."

"नाही."

"मी तुला इचारलेलं."

"हो," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावर गेलो. काजूचं झाड आहे अजून. त्याच्यापुढे खाण, चौकोनी, सरळ कापलेली, तळाशी वाळलेलं गवत. भाऊ कडेच्या कापलेल्या पायऱ्यांवरून खाली उतरायला लागला. मुलीने त्याला हाक मारून थांबवलं. ती कडेकडेने चालत पलीकडे गेली, जिथे चिरे भरायला ट्रक उतरायचे तो उतार आहे. उताराच्या तोंडाशी उभी राहिली, ओढणी डोक्यावरून घेतली, आणि त्या रिकाम्या खड्ड्यात मोठ्याने सलाम घातला. मग तिथेच उभी राहिली.

भाऊ माझ्याजवळ आला. "आत कोण हाय? कोणाला सलाम घालते ही?"

"थांब जरा," मी म्हटलं. "आतल्या माणसाला वेळ लागतो."

थोड्या वेळाने तिने उजवा पाय उतारावर ठेवला. मी तिच्या मागे गेलो.